नाव आणि नळी

१९५१ सालच्या मार्चअखेर जुन्या मध्यप्रांतातील मालगुजारी संपुष्टात आली, तेव्हा जमाबंदीच्या कोणत्याही कागदात न नोंदलेली अशी एक जिंदगी हळूहळू बाजाराकडे वळू लागली. ती म्हणजे मालगुजारांच्या वाड्यांत दोन-दोन पिढ्या राहिलेल्या विलायती रायफली. ज्या वारसांची वसुली गेली त्यांना शिकारीचा शौक परवडेनासा झाला, परवान्याची मुदत संपली की नूतनीकरणासाठी कचेरीचे उंबरठे झिजविण्याचा उत्साह त्यांच्यात उरला नाही, आणि गोऱ्या अंमलदारांनी मायदेशी परतताना स्नेह्यांच्या हवाली केलेल्या शस्त्रांचीही त्यांत भर पडली. दुसऱ्या बाजूस परकीय चलनाच्या टंचाईमुळे बाहेरून नवी रायफल मागविणे सामान्य माणसाला दुरापास्त झालेले. परिणाम असा, की १९६३ साली चांदा-भंडाऱ्याकडील एखाद्या शेतकऱ्याला ज्वारीत शिरणाऱ्या रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी बोल्टची चांगली रायफल हवी असली, तर ती जुन्यांतूनच निवडावी लागे; आणि नव्या मालाची हमी निदान कारखाना तरी देतो, जुन्या मालाविषयी मात्र जो काही शब्द ऐकायला मिळतो तो विकणाऱ्याचाच असतो.

वर्धा नदीच्या काठचे माझ्या परिचयाचे एक पाटील अशाच शोधात होते. एका वाड्यातील वारसाने तीन रायफली त्यांच्यापुढे मांडल्या : लंडनच्या जॉन रिग्बीची .२७५, ऑस्ट्रियातील स्टायरच्या कारखान्यात बनलेली ६.५ मिलिमीटरची मानलिखर-शोनावर, आणि बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची .३१५. निवडीसाठी पाटलांनी दोन जाणकार बोलाविले. एक चांद्याचे ज्येष्ठ वकील, ज्यांनी तरुणपणी साहेबलोकांबरोबर जंगले तुडविली आहेत आणि ज्यांच्या कपाटात कायद्याच्या पुस्तकांइतकीच शिकारग्रंथांचीही गर्दी आहे. दुसरे जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात हयात घालवून निवृत्त झालेले जमादार, ज्यांनी स्वतः एक हरणही मारलेले नाही, परंतु बोल्ट मात्र अगणित उघडले आहेत. त्या दोघांत झालेले बोलणे शक्य तितके त्यांच्याच शब्दांत येथे देत आहे. मध्ये माझे मत डोकावले तर वाचकांनी ते निमूट सोसावे.

वकील : पाटील, हा प्रश्न मुळी प्रश्नच नव्हे. रिग्बी उचला आणि इसारा द्या. १८९८ साली ओबर्नडॉर्फच्या पॉल मौसरने बोल्टची जी रचना सिद्ध केली, तिच्यात गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कोणालाही मूलभूत अशी भर घालता आलेली नाही. बोल्टाच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम खुंट, तेही थेट काडतुसाच्या पाठीशी अडकणारे. ते दैवयोगाने निकामी झालेच तर मागे तिसरा राखीव खुंट. काडतुसाची टोपी फुटली तर तप्त वायू नेमबाजाच्या डोळ्यात न शिरता बाजूने निसटावा म्हणून बोल्टालाच पाडलेली भोके. आणि मॅगझिनमधून काडतूस वर येताक्षणी त्याची कड धरणारी ती लांब नखी, जी ते आत बसेपर्यंत आणि रिकामे होऊन बाहेर पडेपर्यंत त्याला मोकळे सोडत नाही. जखमी डुक्कर अंगावर येत असता हातातील रायफल आडवी असो की उताणी असो, काडतूस आत जाणार म्हणजे जाणार. ही रचना रिग्बीने अगदी आरंभी हेरली आणि १९१२ पर्यंत विलायतेत मौसरची एजन्सी आपल्या हाती ठेवली. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल कॉर्बेटसाहेबांना जी रायफल नजर करण्यात आली, ती हीच, .२७५ रिग्बी. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतील बहुतेक याच काडतुसाने. याहून अधिक साक्षीपुरावा कोणत्या न्यायालयाला हवा?

जमादार : वकीलसाहेब, आपण आता जी तारीफ केलीत ती सारी मौसरची झाली. खुंट मौसरचे, नखी मौसरची, भोकेही मौसरचीच. नळीवर लंडनचा पत्ता कोरला आहे एवढेच. राहता राहिले ते बेलसाहेब. ते हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कोठे असतो याचा अभ्यास केलेले गृहस्थ, आणि भरीव टोकाची गोळी वापरणारे. त्यांचा हात पाटलांना रायफलीबरोबर मिळणार आहे काय?

वकील : लंडनचा पत्ता म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत, जमादार. ओबर्नडॉर्फहून येत असे तो सांगाडा. नळी निवडणे, ती बसविणे, चापाची ओढ एकसारखी करणे, अक्रोडाच्या लाकडात पोलाद असे रुतविणे की मध्ये केस शिरू नये, आणि अखेरीस ठरावीक वजनाच्या गोळीने बार काढून मागील साइटची पाने नेमाप्रमाणे घासून घेणे, हे सर्व लंडनला होत असे. शिवाय लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ सालची सनद आहे. तिच्या प्रूफ हाउसात नियमापेक्षा जादा दाबाचा बार काढून प्रत्येक नळीची परीक्षा होते आणि उतरली तरच तिच्यावर मोहोर उठते. सरकारी मोहोर असलेल्या दस्तावर आपण विश्वास ठेवतो, मग या मोहोरेवर का ठेवू नये?

जमादार : मोहोर खरी आहे. पण ती नळी कारखान्यातून निघाली त्या दिवसाची साक्ष देते. नंतरच्या पावसाळ्यांची साक्ष कोण देणार?

(येथे जमादारांनी जे सांगितले ते पुष्कळ शिकाऱ्यांनाही ठाऊक नसते, म्हणून त्यांच्या बोलण्याचा हा भाग मी मुळीच आखडता घेतलेला नाही.)

जमादार : जुन्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेटचा मसाला असे. बार झाला की त्याचे मीठ नळीत उरते. ते डोळ्यांना दिसत नाही, तेलाने विरघळत नाही. तेलाची चिंधी फिरवून रायफल कपाटात ठेवणाऱ्याला वाटते आपण साफ केली; ते मीठ मात्र हवेतला ओलावा ओढीत तेलाखाली बसलेले असते. आपल्याकडच्या श्रावणात दोन दिवस पुरतात. मीठ जाते ते फक्त पाण्याने, आणि पाणी उकळते हवे, म्हणजे नळी तापून आपोआप कोरडी होते; मग तेल. आमच्या शस्त्रागारात प्रत्येक गोळीबारानंतर हे झालेच पाहिजे असा दंडक होता. वाड्यांतून काय होत असे? मालक दमून आरामखुर्चीत बसत आणि रायफल नोकराच्या स्वाधीन होत असे. त्या नोकराला कोणी पाणी उकळायला सांगितले होते का, एवढाच माझा प्रश्न आहे. त्यात पुन्हा काडतुसातली दारू, कॉर्डाइट. पहिल्या प्रकारच्या कॉर्डाइटमध्ये १०० भागांत ५८ भाग नायट्रोग्लिसरीन. पुढे ते ३० वर आणले, कारण त्याच्या ज्वाळेने नळीचा घसा, म्हणजे काडतुसाच्या तोंडापुढचा आट्यांचा आरंभ, जळून जाई. तेव्हा जिचे बार थोडे झाले पण निगा झाली नाही ती नळी गंजाने गेली, आणि जिची निगा झाली पण बार फार झाले ती घशाने गेली. कारागिराचे नाव दोघींनाही वाचवीत नाही.

वकील : तुमचे म्हणणे मी खोडून काढीत नाही, परंतु त्यात एक गृहीत आहे. उत्तम वस्तूची किंमत जाणणाराच ती विकत घेतो, आणि जो किंमत जाणतो तो तिची निगाही राखतो. म्हणजे नाव हा निगेचा अप्रत्यक्ष पुरावा झाला.

जमादार : अप्रत्यक्ष पुरावा प्रत्यक्ष नसेल तेव्हा घ्यावा, हे आपणच कचेरीत सांगता. येथे तिन्ही नळ्या प्रत्यक्ष हजर आहेत.

या उत्तरावर वकीलसाहेब प्रसन्नपणे हसले, आणि जमादारांनी तिन्ही रायफली ओसरीवर ओळीने ठेवल्या. त्यांची तपासणीची रीत पाहण्यासारखी होती. प्रथम प्रत्येकीचा बोल्ट मागे ओढून, मॅगझिन रिकामे असल्याचे डोळ्यांनी आणि पुन्हा बोटाने खात्रीने पाहिले. विकणारा "रिकामी आहे" म्हणत असता त्यांनी ते ऐकले न ऐकलेसे केले. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून, नळीपुढे उन्हात पांढरा कागद धरून, मागच्या बाजूने आत डोकावले. नंतर कोरड्या चिंध्या घालून आतील जुने तेल काढले आणि पुन्हा डोकावले, कारण दाट तेल हे गंजाचे सर्वोत्तम पांघरूण आहे, आणि विक्रीस काढलेल्या रायफलीच्या नळीत तेल नेहमीपेक्षा अंमळ अधिकच असते. नळीत कोठे कड्यासारखी काळसर छाया दिसते का, हेही ते शोधीत होते. तशी छाया म्हणजे नळी त्या जागी आतून फुगल्याची खूण. तोंडात चिखल, विसरलेली चिंधी किंवा कुंभारमाशीने बांधलेले मातीचे घर असता कोणी बार काढला तर असे होते. बाहेरून हात फिरवूनही ते पुष्कळदा कळत नाही.

मानलिखरविषयी मला स्वतःला दुबळेपणा आहे, तो येथेच कबूल करून टाकतो. १९०३ सालच्या या रायफलीचा बोल्ट उघडला की ताकातून लोणी वर यावे तसा अलगद मागे येतो. पोटात शोनावरचे फिरते मॅगझिन, ज्यात पाच काडतुसे चक्राकार बसतात. आणि लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेले, त्यामुळे खांद्यावर ती जणू अंगाचाच भाग होऊन राहते. पाटलांची नजर तिच्यावर खिळलेली दिसली. तिची नळीही आरशासारखी चकाकत होती, आणि वकीलसाहेब विजयी मुद्रेने म्हणाले, "घ्या, हिला तर गंजाचा स्पर्शही नाही!"

जमादार : चकाकी आहे, आटे कोठे आहेत? चकाकणारी नळी दोन प्रकारची असते, वकीलसाहेब. एक निगा राखलेली, दुसरी घासून घासून गुळगुळीत झालेली. काडतूस द्या. (निरुपयोगी करून ठेवलेल्या एका काडतुसाची गोळी त्यांनी नळीच्या तोंडात उलटी सोडली, ती पितळेच्या कडेपर्यंत आत गेली.) तोंडाशी आटे जाग्यावर असते तर गोळी अशी बुडाली नसती, मध्येच अडकली असती. पोलादी सळई वर्षानुवर्षे तोंडाकडून घातली आहे, किंवा नळी पुसण्याची पुलथ्रूची दोरी नेहमी एकाच कडेला घासत ओढली आहे. बोल्टची रायफल मागून साफ करता येते, म्हणूनच तर बोल्ट निघतो. पण तो काढण्याचे कष्ट कोण घेतो? गोळी शेवटी ज्या कडेला सोडते ती कड एकसारखी नसेल, तर मागची सारी कारागिरी फुकट.

वकील : तोंड अर्धा इंच कापून नव्याने सरळ करून घेता येईल.

जमादार : येईल. मग फोरसाइट हलवावी लागेल, लाकूड कापावे लागेल, आणि एवढे करून काडतुसे? ६.५ मिलिमीटर मानलिखरची काडतुसे नागपुरात विचारा. दुकानदार आपल्याला चहा देईल, काडतूस देणार नाही. हिच्यावर दुर्बीण बसवायची म्हटली तर तेही अवघड, कारण बोल्टाची मूठ बाहेर यावी म्हणून, बोल्ट ज्यात सरकतो त्या बॉडीचा पूल मधोमध चिरलेला असतो. सुंदर आहे, नाकारीत नाही. भिंतीवर शोभेल.

वकील : मग तुमच्या मनात बी.एस.ए. भरलेली दिसते.

जमादार : होय. कारण सांगतो. .३०३ हे फौजेचे काडतूस, म्हणून ते प्रजेच्या हाती जाऊ नये असा इंग्रजांच्या वेळेपासूनचा हुकूम. नव्या नियमांतही तो कायम आहे. तेव्हा कंपनीने काय केले, फौजी रायफलीची तीच ली पद्धतीची रचना घेतली आणि तिला ऑस्ट्रियन फौजेचे जुने ८ मिलिमीटरचे, बुडाशी कड असलेले काडतूस बसविले. तेच हे .३१५. गोळी २४४ ग्रेन, म्हणजे जड. वेग सेकंदाला सुमारे २००० फूट, म्हणजे संथ. शंभर यार्डांच्या आत, झुडपांतून निघालेल्या डुकराला याहून अधिक काही लागत नाही. बोल्टाची मूठ मौसरपेक्षा कमी वळवावी लागते, म्हणून दुसरा बार लवकर. काडतुसे दुकानात मिळतात. आणि गावचा कोतवालही ती उघडून जोडू शकेल.

पाटील : जमादारसाहेब, मला एका माजी सैनिकाकडेही ८ मिलिमीटरची एक जर्मन रायफल स्वस्तात मिळत होती. तिलाही हीच काडतुसे चालली असती ना?

दोघेही जाणकार या प्रश्नावर एकदम बोलू लागले, आणि त्या दिवसातला त्यांचा एवढाच एक पूर्ण मतैक्याचा विषय ठरला. ८ मिलिमीटर या एका आकड्याखाली निदान चार निरनिराळी काडतुसे नांदतात : आपले कड असलेले .३१५, मानलिखर-शोनावरचे ८ मिलिमीटरचे निराळे, आणि जर्मन मौसरचे दोन, ज्यांतील जुन्याची गोळी .३१८ इंच व्यासाची तर १९०५ नंतरच्या फौजी काडतुसाची .३२३ इंच. या शेवटच्या दोघांची पितळी नळकांडी बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून जाड गोळीचे काडतूस जुन्या अरुंद नळीच्या रायफलीत विनासायास बसते आणि बारही होतो. परंतु तेथे दाब इतका वाढतो की रायफल आणि नेमबाज दोघांच्याही जिवावर बेतू शकते. तेव्हा विकणाऱ्याच्या तोंडच्या मापावर न जाता नळीवरील खुणा वाचाव्यात, आणि खुणांत संदेह असेल तर गंधकाचा किंवा शिशाचा ठसा काढून चेंबर आणि नळी मोजून घ्यावी. ज्याला एवढे करणे होत नसेल त्याने त्या रायफलीस हात लावू नये, असे वकीलसाहेबांनी बजावले, आणि जमादारांनी मान डोलावली.

वकील : परंतु बी.एस.ए.विषयी माझा आक्षेप कायम आहे. तिचे खुंट बोल्टाच्या मागच्या बाजूस आहेत. बार होतो तेव्हा खुंटांपुढचा सारा बोल्ट दाबाखाली किंचित आखडतो आणि बॉडी किंचित ताणते. मौसरमध्ये हे होत नाही.

जमादार : जोराच्या काडतुसात तो दोष खरा. .३१५ चा दाब सौम्य. ज्या कामासाठी वस्तू केली त्या कामावर तिची परीक्षा करावी. पण हाती घेतल्याशिवाय बोलणे बरे नव्हे. (त्यांनी बी.एस.ए.चा बोल्ट उचलून मुठीच्या मुळाशी कोरलेला आकडा पाहिला, चष्मा पुसला, बॉडीवरचा आकडा पाहिला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.)

वकील : काय झाले?

जमादार : बोल्ट हिचा नाही.

पुढचा प्रसंग मला या सर्व संवादातील सर्वांत उमदा वाटला. ज्या रायफलीची जमादारांनी अर्धी घटका वकिली केली होती, जिची नळी स्वच्छ, आटे टोकदार आणि दस्ता निरोगी होता, आणि जिचा आकड्यांतील दोष त्यांच्याखेरीज त्या ओसरीवर कोणाच्याही लक्षात आला नसता, तिच्याविरुद्ध त्यांनी स्वतःच निकाल दिला.

जमादार : या जातीत प्रत्येक बोल्ट त्या त्या बॉडीला घासून बसविलेला असतो. दोन रायफली एकदम उघडल्या, साफ केल्या आणि बोल्ट अदलाबदल झाले, असे शस्त्रागारातही घडते. म्हणून तर आकडे. परका बोल्ट बसतो, फिरतो, बारही होतो. पण दोन्ही खुंट सारखे टेकतात की एकच टेकतो, आणि काडतुसाच्या बुडामागे किती फट राहते, हे डोळ्यांनी कळत नाही. त्याला गेज लागतात. फौजी .३०३ चे गेज मी मिळवू शकेन, पण .३१५ ची कड निराळी, ते येथे चालणार नाहीत. फट जास्त असेल तर नळकांडे बुडाशी फाटते. कदाचित रायफल निर्दोष असेलही. पण "कदाचित"वर पाटलांनी गाल टेकवावा असे मी सांगणार नाही.

वकील : मग उरली रिग्बी! अखेरीस नावच जिंकले म्हणावयाचे.

जमादार : अजून तिच्या नळीविषयी मी बोललो नाही, वकीलसाहेब.

रिग्बीची नळी चकाकत नव्हती. घशापासून काही अंतरापर्यंत तिच्यात बारीक काळे ठिपके पडलेले होते, म्हणजे मिठाचा हिशेब येथेही कोणीतरी थकविलेला होता. परंतु तोंडाशी आटे अगदी टोकदार होते, आणि गोळी उलटी सोडली तेव्हा ती मध्येच घट्ट थांबली. दस्त्याच्या मुठीजवळ, जेथे लाकूड सर्वांत अरुंद असते, एक केसासारखी चीर होती. धक्क्याचा मार प्रथम तेथेच बसतो. जमादारांनी मग बोल्टाचे खुंट उजेडात फिरवून दोघांवरही घर्षणाची खूण सारखी उमटली आहे की नाही ते पाहिले, आणि बोल्ट बंद करून मूठ हळूहळू उचलताना ती कोठे अडखळते का, याकडे कान लावला. जुन्या मौसरचे पोलाद आतून चिवट आणि वरून कडक केलेले असते. वरचा कडक थर कोणी घासून काढला असेल, किंवा अतिदाबाचे बार झाले असतील, तर खुंट बॉडीच्या भिंतीत रुतून खळगा पाडतात आणि मूठ उचलताना तो हाताला जाणवतो. येथे जाणवला नाही. नखीची धारही शाबूत होती. म्हणजे एकेक काडतूस थेट चेंबरात टाकून वरून बोल्ट आदळण्याची खोड कोणाला नव्हती, काडतुसे मॅगझिनमधूनच दिली जात होती. शेवटी सेफ्टी लावून त्यांनी चाप जोराने ओढला, सोडला, आणि मग सेफ्टी काढली. पिन पडली नाही. कित्येक देखण्या रायफली याच एका परीक्षेत नापास होतात, असे ते म्हणाले, आणि अशी रायफल फुकटही घेऊ नये.

वकील : स्क्रू पाहिलेत का, जमादार? एकाचीही खाच बिघडलेली नाही. आणि नळीवरची अक्षरे पाहा, कडा कशा तीक्ष्ण आहेत. पुन्हा निळा मुलामा देण्यासाठी कोणी घासलेली नाही. निळाई जागोजागी उडाली आहे, हे माझ्या मते तिच्या बाजूचेच आहे.

जमादार : पाहिले. आपण म्हणता ते बरोबर. नव्या मुलाम्याखाली काय दडले आहे ते कळत नाही. जुना, उडालेला मुलामा निदान खोटे बोलत नाही. आणि ज्याने स्क्रूला वेड्यावाकड्या पेचकसाने हात लावला नाही त्याने आतही ढवळाढवळ केली नसावी. हा आपला अप्रत्यक्ष पुरावा मी मान्य करतो.

वकील : मग आता माझ्या बाजूची एक परीक्षा पाटलांनी द्यावी. पाटील, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. काय दिसते?

पाटील : मागच्या खाचेत पुढची माशी अगदी मधोमध.

वकील : पाहा! हे नळीत डोकावून कळले नसते. दस्ता अंगाला बसणे ही चैनीची गोष्ट नव्हे. डुक्कर तिसऱ्या क्षणाला ज्वारीत नाहीसे होते, तेव्हा नेम शोधीत बसायला वेळ नसतो. लंडनच्या कारागिराला नाव मिळाले ते यासाठी.

जमादार : मान्य. पण काडतुसांचे सांगून ठेवतो. .२७५ रिग्बी म्हणजे मापाने ७ मिलिमीटर मौसरच, नाव निराळे. त्यामुळे काडतुसे एका कंपनीवर अवलंबून नाहीत, हा मोठा फायदा. मात्र हिच्या साइट १४० ग्रेनच्या गोळीवर बसविलेल्या आहेत. जर्मन काडतुसात १७३ ग्रेनची गोळी असते. ती सुरक्षित आहे, पण त्याच पानावर वेगळ्या जागी लागेल. पाटलांनी जी काडतुसे नेहमी मिळतील त्यांच्यावर नेम पाहून घ्यावा आणि मग त्यांत बदल करू नये. आणि ठिपक्यांमुळे नळी दर खेपेस दुप्पट निगेने साफ करावी लागेल, चीर सरेसाने व आडव्या खिळीने बुजवावी लागेल. याचे पैसे किमतीतून वजा झाले पाहिजेत.

वकीलसाहेबांना नावाची पूर्ण किंमत मोजायला हरकत वाटत नव्हती, आणि जमादारांना नावाचा एक पैसाही द्यावयाचा नव्हता. माझे मत विचाराल तर रिग्बी उचला हा वकिलांचा निकाल बरोबर निघाला, परंतु त्यामागची खरी कारणे जमादारांनी शोधून दिलेली होती. वकिलांच्या मूळ युक्तिवादावर रायफल घेतली असती तर त्याच युक्तिवादाने ती झिजलेली मानलिखरही घरी आली असती. तथापि कारागिराच्या नावाला काही किंमत नाही असेही म्हणवत नाही. ठिपके पडलेल्या नळीवर आणि चिरलेल्या दस्त्यावर जो खर्च आता होणार, तो एखाद्या सुमार रायफलीवर करणे कोणालाच शहाणपणाचे वाटले नसते.

किंमत विकणाऱ्याने पाचवा हिस्सा खाली आणल्यावर कागदपत्रांचा प्रश्न निघाला, आणि तेथे अर्थातच वकीलसाहेबांचा अंमल सुरू झाला. १९५९ चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला होता. त्याप्रमाणे खासगी मालकाने आपले शस्त्र विकताना जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हादंडाधिकारी या नात्याने त्यांना, किंवा जवळच्या ठाण्याच्या अंमलदाराला लेखी कळविणे भाग होते. पाटलांच्या परवान्यावर रिग्बीचे माप चढलेले असले पाहिजे हे तर उघडच.

जमादार : हस्तांतराला वेळ आहे. तेवढ्यात चाचणी होऊ द्या. मालकाने स्वतः, स्वतःच्या परवान्यावर, शंभर यार्डांवरून पाच बार काढावेत. आम्ही बाजूला उभे राहू. पाचही तीन इंचांत आले तर पुरे. पण मला त्यांतला पहिला बार हवा, थंड नळीचा. जनावर गार नळीनेच मारले जाते. तापलेल्या नळीची करामत कागदावर दिसते. पहिला जर इतरांपासून दूर गेला, तर लाकूड नळीला कोठेतरी दाबते आहे असे समजावे. बारानंतरची पाचही नळकांडी मला द्यावीत. टोपी चपटी झाली की फुगली, बुडाजवळ चकाकती रेघ उमटली की नाही, हे मी पाहीन.

वकील : सर्व अटी लिहून घेतो. "सदरहू रायफल चाचणीत खालील कलमांप्रमाणे न उतरल्यास इसारा परत करण्याची जबाबदारी लिहून देणाराची राहील." चालेल?

जमादार : चालेल. आकडे लिहा. नळीवरचा, बॉडीवरचा आणि बोल्टावरचा, तिन्ही. मधल्या दिवसांत याच घरात बोल्टांची पुन्हा अदलाबदल व्हायला नको.

वकील : आणि कारागिराचे नाव? ते तर तुमच्या हिशेबी कवडीमोलाचे. लिहू की गाळू?

जमादार : लिहा, वकीलसाहेब, स्वच्छ अक्षरात लिहा. चोरीला गेली तर ठाण्यातल्या मुलांना वर्णन लिहायला सोपे जाते.